दोन व्याह्यांच्या दाढा

गहिनीनाथ बोलायला लागला की गावात दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे. बांधाचं भांडण असो, कुणाची सून माहेरी रुसून बसलेली असो, लोक त्यालाच पुढे करायचे. तो आधी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा, मग सावकाश सुरुवात करायचा, आणि समोरच्याला कळायच्या आत त्याला त्याच्याच शब्दांत अडकवून मोकळा व्हायचा. अशा माणसाला कशाची भीती असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण होती. दाताच्या डॉक्टरची.

भीती उगाच नव्हती, एवढं त्याच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी राहुरीच्या बाजारात फडकं अंथरून दात काढणारा एक बुवा बसायचा. त्याच्यासमोर काढलेल्या दातांचा ढीग असायचा. गहिनीनाथची उजवीकडची दाढ ठणकत होती म्हणून तो त्याच्यापुढे जाऊन बसला. बुवानं त्याचं डोकं काखेत दाबलं, पकड घातली आणि दाढ उपटून ढिगात टाकली. गहिनीनाथनं डोळे पुसले, तोंडात जीभ फिरवली, तर दुखरी दाढ जागच्या जागी! गेली होती ती तिच्या शेजारची, चांगली खणखणीत.

"बसा, ती बी काढतो," बुवा म्हणाला.

गहिनीनाथ उठला आणि तडक घरी आला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर त्यानं बुवाला भर बाजारात सोलून काढला असता. पण आपल्यासारख्या शहाण्या माणसाची चांगली दाढ एका भोंदूनं नेली, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

पुढे छबूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला नगरला खऱ्याखुऱ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हातारे आणि मऊ बोलणारे होते. त्यांनी त्या दिवशी नुसतं औषध लावलं आणि दर सहा महिन्यांनी दाखवून जायला सांगितलं. गहिनीनाथनं मान डोलावली. पण त्याची नजर शेजारच्या तबकात गेली होती. तिथली पकड बाजारातल्या बुवाच्या पकडीची सख्खी बहीण दिसत होती.

तो कधी नाही म्हणाला, असं मात्र नाही. सहा महिने झाले की छबूबाई आठवण करायची आणि तो शहाण्यासारखा कपडे करून नगरची एसटी धरायचा. संध्याकाळी परत यायचा तो काहीतरी घेऊन. एकदा कंदील आणला. एकदा पितळी घंगाळ. एकदा छबूबाईसाठी इरकली लुगडं, त्या वेळी तिनं आठ दिवस दाढेचं नाव काढलं नाही. डॉक्टर गावाला गेले होते, डॉक्टरांच्या घरी लगीन होतं, दवाखान्याला रंग देत होते, अशी त्याची कारणं. एकदा तर त्यानं सांगितलं, डॉक्टरांचीच दाढ सुजलीय म्हणून दवाखाना बंद आहे.

"घर भरलं तुमच्या दाढंनं," छबूबाई म्हणायची. "आता एक बैलजोडी आना, मंजी झालं."

अशी वर्षं गेली. दाढ मधूनमधून ठणकायची, तो लवंग धरायचा, दाढ गप्प बसायची. मग दुष्काळाचं वर्ष आलं, आणि त्यात कुणाच्या दाढेकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ते सरलं, पुढच्या वर्षी पाऊस झाला, ज्वारी कमरेच्या वर गेली, आणि गहिनीनाथनं लेकीच्या सासरच्यांना हुरडा खायला बोलावलं.

त्याची लेक बनू श्रीगोंद्याकडे दिली होती. तिचे सासरे कारभारी म्हणजे थोराड बांध्याचा, मिशाळ आणि कमी बोलणारा माणूस. जिथे जाईल तिथे बसायला पहिली जागा त्याची, आणि त्यालाही ते ठाऊक असायचं. गहिनीनाथ जगाला बोलण्यात हरवत असला तरी या माणसापुढे शब्द जपून वापरायचा. लेक त्यांच्या घरात होती ना.

आगटी पेटली. भाजलेली कणसं चोळून गरम हुरडा पानांवर पडायला लागला. शेजारी शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. कोवळा हुरडा तसा मऊ, पण किडक्या दाढेत त्याचा एक दाणा जाऊन बसला की माणसाला आभाळातले सगळे तारे दिवसाढवळ्या मोजून घेता येतात. गहिनीनाथनं चिमूटभर दाणे जिभेवर ठेवले आणि न चावता दह्याबरोबर गिळले.

"लई ग्वाड हाय यंदा," तो म्हणाला.

"लई ग्वाड," कारभारीनंही दह्याचा घोट घेतला.

दोघांच्या पानांवरचा हुरडा तसाच राहिला आणि दह्याचं गाडगं मात्र तळाला गेलं. पुरुषांच्या हे लक्षात आलं नाही. पण धुराच्या पलीकडे कणसं चोळत बसलेल्या दोघी विहिणी बघत होत्या.

"इहीनबाई," छबूबाई हळूच म्हणाली, "तुमच्या मालकांची कोनची?"

कारभारीच्या बायकोनं, कडूबाईनं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "डावीकडली. आन तुमच्यांची?"

"उजवीकडली."

आणि मग दोघींनी तोंडाला पदर लावला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की धूर डोळ्यांत गेला.

पाव्हणे गेले आणि दोनच दिवसांत गहिनीनाथचा गाल फुगला. असा फुगला की एक डोळा बारीक झाला. लवंग झाली, तुरटी झाली, गरम मिठाची पुरचुंडी झाली. बोलायला तोंड उघडेना. गावातलं एक भांडण निवाड्याला आलं होतं, तर त्यानं दाराआडून हातानंच लोकांना परत पाठवलं. तेवढ्यात उसाला तोड लागली होती आणि फडावर माणूस हवं होतं, त्यामुळे छबूबाईला बरोबर जाता येणार नव्हतं. म्हणून तिनं दुसरा उपाय काढला.

"बुधवारी नगरला जावा," ती म्हणाली. "न्हाई गेलात तरी चालंल. पर श्रीगोंद्याला कळलं ना, सुनंचा बाप दाढंला भेतो, तर आपल्या बनूला काय काय ऐकून घ्यावं लागंल, त्याचा इचार करा."

नेम बरोबर लागला. त्याच सुमाराला श्रीगोंद्याकडे कडूबाई आपल्या नवऱ्याला सांगत होती, "सुनंच्या बापाला कळलं तर हसत न्हाई का त्यो? गावभर बोलनारा मानूस हाय."

बुधवारी गहिनीनाथ माळीवाड्याच्या स्टँडवर उतरला. गालाला उपरणं बांधलेलं. दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन तो थांबला आणि कापडबाजाराकडे वळला. तिथल्या एका दुकानात त्यानं सतरंज्या बघितल्या. दुकानदारानं चार उलगडून दाखवल्या, पाचवी उलगडताना गहिनीनाथच्या दाढेतून अशी कळ निघाली की तो सतरंजीवरच बसला. मग मात्र उठला आणि सरळ दवाखान्यात शिरला.

बाकावर एक म्हातारी, एक शाळामास्तरासारखा दिसणारा माणूस, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला एक थोराड गडी. डोक्याला मफलर. मफलरमधून मिशीचं एक टोक बाहेर आलेलं.

गहिनीनाथनं ती मिशी ओळखली. मागच्या मागं निघून जावं म्हणून तो वळला, पण पायातली चप्पल वाजली आणि मिशीनंही मान वळवली.

"राम राम, पाव्हनं," कारभारी म्हणाला. आवाज मफलरमध्ये दबलेला.

"राम राम. तुमी हितं?"

"आमी व्हय? आमी आपलं..." कारभारीनं दवाखान्याच्या छताकडे पाहिलं. "इंजिनाचा पट्टा घ्यायचा हुता. दुकान इचारायला आत आलो. आन तुमी?"

"ऊन लई हाय भायेर. मनलं जरा सावलीला बसावं."

पौषातली सकाळ होती. मास्तर अजून स्वेटरमध्ये बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र जरा वर उचललं.

कंपाउंडर दारात आला. "चला, पुढचा नंबर. तुम्हा दोघांतलं कोण?"

कारभारीनं इंजिनाच्या पट्ट्याची गोष्ट पुढे रेटली नाही. गहिनीनाथनंही उन्हाचं नाव काढलं नाही. पण जागचं कुणी हललं नाही.

"पाव्हनं, तुमी हो म्होरं," गहिनीनाथ म्हणाला. गाल सुजलेला असला तरी अडचणीत त्याची जीभ आपोआप चालायची. "तुमी मुलाकडचं. पैला मान तुमचा."

"न्हाई न्हाई. परवा तुमी एवढा पाहुनचार केला. आज मान तुमचा."

"आसं कसं? लग्नात पैली पंगत तुमची बसली, आन हितं आमी आधी बसायचं? लोक काय मनतील?"

"लोकांस्नी मी सांगतो. तुमी बसा."

"न्हाई, ते रीतीला धरून व्हनार न्हाई."

कंपाउंडरनं कंटाळून म्हातारीला आत नेलं. तिचं झालं, ती तोंडाला पदर लावून बाहेर आली, यांचा मान अजून ठरत होता. मास्तर आत गेले, बाहेर आले, आणि जाताना म्हणाले, "मुहूर्त टळतोय हो." तरी कुणी उठेना.

बाक रिकामा झाला. मग कारभारीनं मफलर खाली ओढला. त्याचा डावा गाल गहिनीनाथच्या उजव्या गालाएवढाच होता. इतका वेळ मानाचं वजन धरून बसलेला तो माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"पाव्हनं," तो खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू का? माजं पाय लटालटा कापत्यात. ह्ये बगा." खरंच धोतराचा सोगा हलत होता. "इहिरीत सुरुंग लावतो मी, तवा न्हाई कापत. पर ह्या खुर्चीवर बसायचं मनलं की कुनी तरी माज्या पायातलं बळ काढून घेतं. तुमी आधी जावा. तुमी धडधाकट भायेर आलेलं दिसलं मंजी मला धीर यील."

बनूचं लग्न ठरल्यापासून गहिनीनाथ या माणसापुढे वाकून होता. याची चूक काढायची नाही, याच्या आधी जेवायचं नाही, याच्यापेक्षा उंच बसायचं नाही. आणि आज तोच त्याच्याकडे धीर मागत होता. नाही म्हणायला एकही चांगलं कारण त्याला सापडलं नाही. त्यानं टोपी काढली, कारभारीच्या हातात दिली, आणि आत गेला.

आत म्हातारे डॉक्टर नव्हते. तिशीतली एक बाई पांढरा कोट घालून उभी होती. ती त्यांची सून, विजयमाला. सासऱ्यांची नजर मंदावल्यापासून दवाखाना तीच बघायची.

"बसा काका. याआधी कधी आला होतात इथं?"

"आल्तो. थोरल्या डाक्टरांकडं."

"किती वर्षं झाली?"

गहिनीनाथ बोटं मोजायला लागला आणि मध्येच त्यानं तो नाद सोडला. डॉक्टरबाईनं आरसा घालून तोंडात पाहिलं. "दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं असेल ना?"

"यायचो की. नगरपत्तुर यायचो."

बाई हसली नाही, पण तिला हसू आलं होतं ते तिच्या डोळ्यांत दिसलं. "ही दाढ आता राहत नाही, काका. काढायला लागेल. आणि ही शेजारची जागा रिकामी आहे, ती कुणी काढली?"

छबूबाईनं किती वेळा विचारलं असेल, पण तिला त्यानं 'पडली' एवढंच सांगितलं होतं. आज कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. बुवा, फडकं, ढीग, काखेत दाबलेलं डोकं. "ती चांगली हुती, बाई," तो शेवटी म्हणाला. "ऊस फोडायचो तिनं. दुखनारी राहिली आन चांगली गेली."

डॉक्टरबाईनं हातातली हत्यारं तबकात ठेवली आणि एक छोटा आरसा त्याच्या हातात दिला. "मग आज तुम्हीच दाखवा कुठली काढायची ती. बोट ठेवा. तुमचं बोट जिथं, तीच काढीन. आणि मध्येच भीती वाटली तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

त्यानं आरशात पाहून बोट ठेवलं. खातरी करून पुन्हा ठेवलं. मग तिनं सुई घेतली. गहिनीनाथनं हात वर केला. ती थांबली. त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यानं हात खाली घेतला. सुई टोचली, डोळ्यांत पाणी आलं, आणि थोड्या वेळानं तो अर्धा जबडा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा जड झाला. तिनं पकड उचलली. त्यानं पुन्हा हात वर केला. ती पुन्हा थांबली.

"दुखतंय?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मग?"

ती खरंच थांबते का, एवढंच त्याला बघायचं होतं. ते मात्र बधिर ओठांनी सांगता येईना. त्यानं डावा हात मांडीवर ठेवला, उजव्या हातानं तो घट्ट धरला, आणि त्यानंतर वर केला नाही. दाढेनं बराच वेळ हट्ट केला. हाडात काहीतरी करकरलं ते त्याला ऐकू आलं, पण कळ आली नाही. मग डॉक्टरबाईनं त्याच्या डोळ्यांसमोर पकड धरली. तिच्यात त्याची दाढ होती, काळीठिक्कर, तीन मुळांची. नेमकी तीच.

कापसाचा बोळा दाताखाली दाबून तो बाहेर आला. कारभारी टोपी छातीशी धरून उभा होता.

"कसं हाय, पाव्हनं?"

सगळं झकास आहे, मुंगीसुद्धा चावत नाही, असं गहिनीनाथला सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते "ऊं ऊं ऊं". त्यानं हसून दाखवायचा प्रयत्न केला. अर्धा ओठ वर गेला, अर्धा खाली लोंबला, आणि कोपऱ्यातून लाल लाळेचा एक थेंब सदऱ्यावर पडला.

कारभारीनं ते पाहिलं, टोपी बाकावर ठेवली आणि तो दाराकडे निघाला.

एरवी गहिनीनाथनं त्याला चार शब्दांत परत फिरवलं असता. आज शब्दच नव्हते. तो धावला आणि लेकीच्या सासऱ्याचा, ज्याच्यापुढे त्यानं कधी मान वर केली नव्हती, दंड धरला. कारभारी थोराड होता, पण गहिनीनाथनं पकड सोडली नाही. ओढत, ढकलत, "ऊं ऊं" करत त्यानं व्याह्याला खुर्चीपर्यंत आणलं आणि बसवलं. मग डॉक्टरबाईच्या हातातला आरसा घेऊन कारभारीसमोर धरला, आणि स्वतःचा डावा हात दोनदा वर करून दाखवला. बाईनं समजावून सांगितलं तेव्हा कुठं त्या हाताचा अर्थ कारभारीला कळला.

"तुमी हितंच थांबा," कारभारी म्हणाला.

गहिनीनाथ थांबला. दाढ निघेपर्यंत कारभारीनं त्याचा हात असा आवळला होता की दाढेपेक्षा बोटांचंच दुखणं जास्त झालं.

दुपारी माळीवाड्याच्या स्टँडवर दोन म्हातारबा शेजारी शेजारी बसले होते. गरम काही नको, थंड खा, असं डॉक्टरबाईनं सांगितलं होतं, म्हणून दोघांच्या हातात काडीचं गुलाबी आईसफ्रूट होतं. भर थंडीत ते चोखत होते. ओठ बधिर, त्यामुळे निम्मं धोतरावर. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. हसायला तोंड साथ देईना, म्हणून जास्तच हसू आलं. श्रीगोंद्याची गाडी लागली तेव्हा कारभारी उठला. निघताना त्यानं गहिनीनाथच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नातल्या भेटीत त्यानं नुसते हात जोडले होते.

त्या संध्याकाळी घरी छबूबाईला मोठी पर्वणीच मिळाली. नवऱ्याला बोलता येत नाही हे कळल्यावर तिनं चूल पेटवता पेटवता सगळं सांगून टाकलं: हुरड्याच्या दिवशी कडूबाईशी झालेलं बोलणं, दोघींनी मिळून बुधवार कसा ठरवला ते, सगळं. गहिनीनाथ गार दूधभात गिळत ऐकत राहिला. शेवटी त्यानं ताट बाजूला ठेवलं आणि कापूस सांभाळत, एकेक शब्द जुळवत, बाजारातल्या बुवाची गोष्ट तिला सांगितली. छबूबाईच्या तोंडावरचं हसू गेलं.

"येवढी वर्सं सांगितलं का न्हाई मला?" ती म्हणाली. "मी आपली हसत बसले."

आषाढात सहा महिने भरले. या वेळी छबूबाईला आठवण करावी लागली नाही. गहिनीनाथ सकाळीच तयार होऊन उभा राहिला आणि तिलाही म्हणाला, "चल, तुजं बी दाखवू. रातीला लवंग धरतीस, मला म्हाईत हाय."

"माजं?" छबूबाईनं हातातला झाडू तसाच धरला. "माज्या दाताला काय धाड भरलीय? आन म्हस आटत आलीय, तिच्याकडं कोन बगनार? आन आज घर सारवायचं हाय. पुढल्या खेपंला येते."

गहिनीनाथनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एवढी कारणं एका दमात त्यालाही कधी सुचली नव्हती. पण तो हसला नाही. त्यानं तिच्या हातातला झाडू घेऊन कोपऱ्यात ठेवला आणि शेजारणीला म्हशीकडे बघायला सांगून आला. मग दोघं रस्त्यावर येऊन बसची वाट बघत उभे राहिले. गाडीला उशीर झाला तसा गहिनीनाथ एसटीच्या कारभाराला नावं ठेवायला लागला, आणि छबूबाई मनातल्या मनात म्हणत होती, अजून थोडा उशीर झाला तरी चालेल.